भिंतीतील दोष आणि कागदाचे बळ

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे एका काळ्या शिलास्तंभावर कोरवून घेतले. तो स्तंभ आज पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील एका कलमाचा आशय असा की, गवंड्याने बांधलेली भिंत कच्ची निघाल्यास त्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यावी. घर कोसळून मालक दगावला, तर गवंड्यास देहदंडच सांगितला आहे! ती शिक्षा आज आपणांस क्रूर वाटते. परंतु बांधणाऱ्याने बांधकामातील दोषांचे उत्तरदायित्व घ्यावे, हे तत्त्व अद्यापि अबाधित आहे.

आपल्या देशात संसदेने २०१६ साली संमत केलेल्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्यात तेच तत्त्व आढळते. ‘रेरा’ या नावाने ओळखला जाणारा हा कायदा घरे बांधून विकणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या १४ व्या कलमानुसार, घराचा ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेतील, कारागिरीतील अथवा दर्जातील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता, दुरुस्त करणे त्याचे कर्तव्य ठरते.

‘निदर्शनास आणून दिला’ हे शब्द विद्यार्थिमित्रांनी नीट ध्यानात घ्यावेत. दोष मुदतीत उद्भवणे पुरेसे नाही. तो मुदतीत कळविला पाहिजे. पाच वर्षे म्हणजे अवघे पाच पावसाळे. पहिल्याच पावसात छताला ओल धरते, गिलावा सुटतो. घरमालक तोंडी सांगतो. ‘पाहतो, करतो’ असे उत्तर मिळते. असेच पावसाळे निघून जातात आणि अखेर मुदत सरते. तोंडी बोलण्याला पुरावा कोठला? आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले घर गळतच राहते.

म्हणून रीतसर नोटीस द्यावी. तीत घराचा क्रमांक, कराराची व ताब्याची तारीख लिहावी. प्रत्येक दोष स्वतंत्रपणे मांडावा. ‘काम वाईट आहे’ असे मोघम न लिहिता, ‘स्वयंपाकघराच्या उत्तरेकडील भिंतीस खिडकीखाली तीन फूट लांबीची भेग आहे, ती अमुक तारखेस प्रथम दिसली’ असे नेमके लिहावे. छायाचित्रे जोडावीत. ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करण्याची मागणी स्पष्ट करावी. खाली सही व तारीख असावी. नोटीस पोचल्याची पावती मिळेल अशा टपालाने पाठवावी आणि एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.

तरीही दुरुस्ती न झाल्यास घरमालक भरपाईस पात्र ठरतो. त्यासाठी आपल्या राज्यातील रेरा प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे ही प्रत आणि ती पावतीच त्याच्या वतीने बोलतात.

नोटीस म्हणजे भांडण नव्हे. बिल्डरला आपली चूक सुधारण्याची ती संधीच होय. अर्थात तक्रारही प्रामाणिक असावी. आपणच भिंत फोडून केलेल्या फेरफारांचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

शाळेत आपण पत्रलेखन शिकतो, ते केवळ गुणांसाठी नव्हे. शुद्ध, मुद्देसूद आणि वेळेवर लिहिलेले एक पत्र घराचे छप्परही राखू शकते.