गोंडस अस्वलांचे धर्मयुद्ध

अ‍ॅनिमेशनपट म्हटला की तो मुलांपुढे लावून मोठी माणसे आपापल्या कामाला लागतात. आल्बेर्तो वाझ्केझ या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या ‘युनिकॉर्न वॉर्स’ (२०२२) या चित्रपटाबाबत असे कोणी करू नये. गुबगुबीत, रंगीबेरंगी अस्वले आणि काळेभोर युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडे, यांच्यातल्या युद्धाची ही गोष्ट आहे. तिचे बीज वाझ्केझच्याच २०१३ मधल्या लघुपटात आहे. २०२३ मध्ये या चित्रपटाला स्पेनचा गोया पुरस्कार मिळाला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोंडस रूप आणि रक्तपात यांतला विरोध हाच त्याचा गाभा, असे मला वाटले होते. दुसऱ्या वेळी माझे लक्ष अस्वलांच्या पवित्र ग्रंथाकडे गेले. जंगल मुळात आपले, युनिकॉर्नांनी आपल्याला हुसकावले, असे त्यांना शिकवले जाते. शेवटच्या युनिकॉर्नचे रक्त पिणाऱ्याला सौंदर्य लाभेल, असे भाकीतही आहे. लष्करी छावणीत शस्त्रांबरोबर हीच शिकवण दिली जाते.

पण शिकवण सगळ्यांना सारखीच मिळते. मग तिने पेट घेतो तो अझुलिनच का? अझुलिन आणि गोर्दी हे जुळे भाऊ. आईची माया भावाच्या वाट्याला अधिक आली, हा अझुलिनचा जुना सल. त्याला युनिकॉर्नांनी काहीच केलेले नाही. मात्र ग्रंथ त्याच्या घरगुती मत्सराला पवित्र नाव देतो आणि शत्रूही नेमून देतो. धर्मांधता मनात द्वेष पेरतेच असे नाही. आधीच असलेल्या जखमेला ती गणवेश चढवते.

भावाभावांचे युद्ध स्पेनला नवे नाही. १९३६ ते १९३९ च्या यादवीत फ्रँकोच्या बाजूने लढाईला ‘क्रुसेड’ म्हटले गेले आणि १९३७ मध्ये स्पेनच्या बहुसंख्य बिशपांनी सामूहिक पत्र काढून त्या बाजूची पाठराखण केली. छावणीतला धर्मोपदेश ऐकताना मला तो इतिहास आठवत राहिला.

अखेरच्या लढाईत जिंकायला कोणी उरत नाही. त्या विनाशातून शेवटी माणसासारखा एक जीव उभा राहतो. इतका वेळ मी अस्वलांकडे परक्यासारखा पाहत होतो. त्या दृश्याने माझी ती सोय काढून घेतली.