फाटक उघडं राहिलं तरी मळा वाचेल

गटाच्या भाजीमळ्याचं फाटक कुणी एकदा उघडं टाकलं, की मोकाट गुरं महिन्याची मेहनत खाऊन जातात. त्यावरचा एक उपाय आज समजून घेऊ.

मळ्याच्या तोंडाशी रस्त्यात आडवा खड्डा खणतात आणि त्यावर थोडं थोडं अंतर ठेवून गोल लोखंडी पाइप बसवतात. गाडीचं चाक त्यावरून जातं. गुरांना मात्र खाली पोकळी दिसते, खूर नीट टेकत नाही, म्हणून ती थबकतात. काही देवळांच्या दारात आपण हे पाहिलं असेल.

खड्डा रुंद हवा, अरुंद असेल तर शेळी उडी मारते. गाळानं भरला तर गुरं चालत आत येतात, म्हणून तो वेळोवेळी उपसायचा.

डोक्यावर हंडा, कडेवर मूल घेऊन पाइपांवरून चालणं धोक्याचं. शेजारी माणसांसाठी वळणाची अरुंद वाट हवी. आपण वळून जातो, लांब अंगाची गाय वळू शकत नाही. आपल्या बैलांसाठी कडीचं फाटकही हवं, नाहीतर त्यांचेच पाय अडकतील.

रस्ता ग्रामपंचायतीचा असेल तर विषय आधी ग्रामसभेत मांडू. आणि खड्ड्यासोबतच वाटही मागू, नंतर नाही.