मारेकरी पेशींवरचा आळ

पीटर मेदावर यांनी १९५३ साली एक प्रश्न विचारला आणि प्रजननशास्त्र पुढची कित्येक दशकं त्याच्या मागे धावत राहिलं. मेदावर त्वचारोपणातले जाणकार. परक्याची कातडी शरीर टाकून देतं ते रोगप्रतिकारशक्तीमुळे, हे त्यांच्याच प्रयोगांतून स्पष्ट झालं होतं; १९६० च्या नोबेलमध्येही त्यांचा वाटा होता. मग निम्मा वारसा बापाकडून घेऊन आलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसं काय ठेवून घेतं?

प्रश्न बिनतोड होता. पण त्यातून एक समजूत रुजली, की आईच्या पेशी मुळात गर्भावर टपलेल्याच असतात. गर्भ राहिला नाही किंवा टिकला नाही, तर त्यांना आवरायला हवं.

प्रत्यक्षात गर्भाशयाच्या अस्तरात चित्र उलटं दिसतं. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात तिथे एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’ पेशींची गर्दी होते. गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. रक्तातल्या एनके पेशी विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींना मारतात. गर्भाशयातल्या मात्र मारण्याच्या कामात मंद. त्यांचं काम पाटकऱ्याचं. अस्तरातल्या नागमोडी, अरुंद धमन्या रुंद करायला त्या वारेच्या पेशींना मदत करतात, म्हणजे रक्त संथ आणि भरपूर वाहत गर्भापर्यंत पोचतं. त्यांच्या जोडीला नियामक टी पेशी असतात. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या या पेशी ओळखणारे शिमोन साकागुची २०२५ च्या नोबेलचे एक मानकरी. उंदरांच्या मादीतून या पेशी काढून टाकल्या, तर वेगळ्या वंशाच्या नरापासून राहिलेले गर्भ टिकत नाहीत.

केंब्रिजच्या ॲशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जे दाखवलं, ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. आईच्या एनके पेशींवरचे काही ग्राहक (रिसेप्टर) आणि गर्भाच्या पेशींवरची एक खूण अशी जुळली, की एनके पेशी फारच दबून जातात, तर गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, होण्याचा धोका वाढतो. तिथे पेशी आक्रमक झाल्या म्हणून बिघडत नाही, त्या गप्प बसल्या म्हणून बिघडतं.

तरीही दंडातून रक्त काढून ‘तुमच्या एनके जास्त आहेत’ असं सांगितलं जातं, आणि स्टेरॉइड किंवा सोयाबीन तेलापासून बनलेल्या इंट्रालिपिडचं सलाइन सुचवलं जातं. रक्तातल्या आकड्यावरून अस्तरात काय चाललंय ते कळत नाही. ब्रिटनमध्ये वंध्यत्वावरच्या उपचारांचं नियमन करणाऱ्या संस्थेने अशा उपचारांबद्दल जोडप्यांना सावध केलं आहे. आयव्हीएफच्या दोन-तीन सायकल फेल गेलेल्या बाईला हे सलाइन नाकारणं किती अवघड जात असेल, हे समजू शकतं; म्हणूनच ते सुचवणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते.

याआधी असंच एकदा झालं होतं. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायच्या, म्हणजे तिच्या शरीराला त्यांची सवय होईल, ही लिम्फोसाइट इम्युनोथेरपी ऐंशीच्या दशकात गाजली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅरोल ओबर यांच्या गटाची काटेकोर चाचणी आली: उपचार घेतलेल्यांत ३६ टक्के जणींना मूल झालं, नुसतं सलाइन टोचलेल्यांत ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नोंदणीकृत संशोधनाबाहेर हा उपचार करायला मनाई केली.

प्रतिकारशक्ती कधीच दोषी नसते, असं नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये बी पेशींच्या वंशातून निघालेल्या प्रतिपिंडांमुळे वारंवार गर्भपात होतात. बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून निदान पक्कं करतात, आणि ॲस्पिरिन-हेपॅरिनने अनेकींचा गर्भ टिकतो. उपचार साधा, स्वस्त, आजमावलेला.

आपल्याकडे मूल न होण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोचतात, बहुधा कुठलाही त्रास न देता. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि टी पेशी त्यांना वेढून गाठी करतात. हा त्यांचा धर्मच. पण वर्षानुवर्षं चाललेल्या या झुंजीत नळीत व्रण पडतात आणि ती बंद होते. कधी अस्तरही चिकटून जातं. पाळी नियमित, खोकला नाही, वजन घटलेलं नाही, फक्त मूल होत नाही. जंतू इतके थोडे असतात, की अस्तराच्या तुकड्याचं कल्चर बरेचदा निगेटिव्ह येतं. दुर्बिणीतून पाहिल्यावर नळ्यांची अवस्था नीट कळते. सहा महिन्यांच्या औषधांनी जंतू मरतात, बंद झालेली नळी सहसा उघडत नाही. अस्तर शाबूत असेल तर नळ्यांना वळसा घालून आयव्हीएफ करता येतं. अस्तरच गेलं असेल तर तोही मार्ग उरत नाही.