प्रागमध्ये शिकणे आणि प्राग शिकणे

परदेशी शिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुतेक घरांत ठरावीक हिशेबाने होतो. विद्यापीठाचा क्रमांक कितवा, फी किती, कर्जाचा हप्ता कधीपासून, पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे किती दिवस राहू देतात. प्रश्न सगळे रास्त आहेत; घर तारण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी ते विचारलेच पाहिजेत. पण या हिशेबात शहराचा रकाना नसतो. शहर म्हणजे खोली भाड्याने मिळते ती जागा, फार तर सुटीच्या दिवशी फोटो काढायची सोय. माझे म्हणणे असे की, निदान काही शहरांच्या बाबतीत हा हिशेब सपशेल चुकतो, आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथे दोन वर्षे राहून ज्याने फक्त तास आणि परीक्षा केल्या, त्याने पैसे पूर्ण मोजले आणि माल निम्माच उचलला.

पहिले कारण साधे आहे: चार्ल्स विद्यापीठाला वेस नाही. आपल्याकडे विद्यापीठ म्हटले की फाटक, पहारेकरी आणि आत गर्द झाडी डोळ्यांपुढे येते. प्रागमध्ये तसे काही नाही. बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याने ७ एप्रिल १३४८ रोजी सनद देऊन हे विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा आल्प्सच्या उत्तरेला आणि ऱ्हाइनच्या पूर्वेला दुसरे विद्यापीठ नव्हते. तेव्हापासून ते शहराच्या पेठापेठांतूनच वाढत गेले. गणित-भौतिकी शाखेची एक इमारत व्ल्तावा नदीच्या डाव्या तीरावर, राजवाड्याच्या पायथ्याशी माला स्त्रानात. दुसरी नदीपलीकडे कार्लोव्हच्या चढावर. कला शाखा नदीकाठी, वैद्यकाच्या प्रयोगशाळा आल्बर्टोव्हच्या उतारावर, आणि पदवीदान जुन्या पेठेतल्या कारोलिनुममध्ये, जी वास्तू चौदाव्या शतकापासून विद्यापीठाकडे आहे. एका तासावरून दुसऱ्या तासाला जायचे तर ट्रॅम पकडावी लागते, आणि ती ट्रॅम इतिहासातूनच जाते. पर्यटक १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे तासाच्या ठोक्याची वाट पाहत मान वर करून उभा असतो. विद्यार्थी त्याच गर्दीला वैतागून गल्लीने वाट काढतो. हा वैताग मला महत्त्वाचा वाटतो. रोजच्या वाटेवरची जागा माणूस डोळे दिपल्याशिवाय पाहू शकतो, आणि कधीतरी तिच्याबद्दल प्रश्न विचारू लागतो.

त्या प्रश्नांपैकी पहिला खुद्द परदेशी विद्यार्थ्याचाच आहे. या विद्यापीठातले पहिले मोठे भांडण बाहेरून आलेल्यांवरूनच झाले. सुरुवातीला शिक्षक आणि विद्यार्थी चार गटांत मोडत: बोहेमियन, बव्हेरियन, सॅक्सन आणि पोलिश. कारभारात प्रत्येक गटाला एक मत होते, आणि पोलिश गटातही जर्मन भाषकांचाच भरणा असल्याने चेक मंडळी स्वतःच्या राजधानीत एकास तीन अशी अल्पमतात. राजा चौथा वाक्लाव्ह याला पोपच्या गादीच्या वादात विद्यापीठाचा पाठिंबा हवा होता. चेक शिक्षक तो द्यायला तयार होते, बाकीचे नव्हते. १८ जानेवारी १४०९ रोजी त्याने कुत्ना होरा येथून हुकूम काढला: यापुढे चेक गटाला तीन मते, उरलेल्या तिघांना मिळून एक. शेकडो जर्मन शिक्षक-विद्यार्थ्यांनी बोचकी बांधली, आणि त्यांच्यातल्याच लोकांनी त्याच वर्षी लाइपझिगचे विद्यापीठ उभारले. इकडे धर्मसुधारक यान हुस रेक्टर झाला. पुढे १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळले. त्याला ५०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९१५ मध्ये, जुन्या पेठेच्या चौकात त्याचे भव्य स्मारक उभे राहिले. चेक इतिहासात हा हुकूम न्याय म्हणून सांगितला जातो. पण त्या एका वर्षात साऱ्या मध्य युरोपचे विद्यापीठ आक्रसून एका प्रदेशाचे झाले, हेही तितकेच खरे. भूमिपुत्रांना त्यांचा हक्क मिळाला की बाहेरच्यांना हाकलले गेले, हा वाद महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाला नवा वाटू नये. फरक इतकाच की, तिथे तो स्वतः ‘बाहेरचा’ असतो. आपल्या राज्यात या वादाकडे यजमानाच्या बाजूने पाहण्याची सवय असलेल्याला तोच वाद पाहुण्याच्या बाजूने पाहायला मिळणे, हे शिक्षणच आहे. त्यासाठी वेगळे क्रेडिट मिळत नाहीत एवढेच.

भाषेचा झगडा तिथे पुढेही संपला नाही. १८८२ मध्ये विद्यापीठाचे चेक आणि जर्मन असे दोन तुकडे झाले. काफ्काने १९०६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतली ती जर्मन विद्यापीठाची, आणि आइनस्टाइन १९११-१२ मध्ये शिकवायला होता तोही तिथेच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, जर्मन विद्यापीठ बरखास्त झाले आणि देशातून सुमारे ३० लाख जर्मनांना घालवून देण्यात आले. या साऱ्याचा धागा आजच्या फीच्या पावतीपर्यंत येतो. चेक सरकारी विद्यापीठांत चेक भाषेतून शिकणाऱ्याला, तो कुठल्याही देशाचा असो, शिक्षणशुल्क पडत नाही. इंग्रजीतून शिकायचे तर पैसे मोजावे लागतात. आपले बहुतेक विद्यार्थी इंग्रजी अभ्यासक्रम घेतात, कारण चेक व्याकरणातल्या सात विभक्त्यांची धास्ती असते. आठ विभक्त्या घोकलेल्या मराठी मुलांनी ती घ्यावी याची गंमत वाटते. पण ज्याला या सवलतीमागचा सहा शतकांचा भाषिक अभिमान कळला, त्याला दुकानदाराचा तुटक स्वर आणि सरकारी खिडकीवरचा फक्त चेकमधला फलकही कळू लागतो. त्याचा राग येतच नाही असे नव्हे. पण त्यामागे काय आहे ते उमगते.

दुसरा धागा विद्यापीठाने सत्तेपुढे मोजलेल्या किमतीचा. जुन्या पेठेच्या नगरभवनाला लागून फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धचा उठाव १६२० मध्ये बिलाहोराच्या लढाईत मोडला आणि २१ जून १६२१ रोजी या जागी २७ जणांना शिरच्छेद करून वा फाशी देऊन मारण्यात आले. त्यांत विद्यापीठाचा रेक्टर यान येसेनियस होता. १६०० मध्ये प्रागमधले पहिले जाहीर शवविच्छेदन करणारा हा शरीरशास्त्रज्ञ. मारण्याआधी त्याची जीभ कापण्यात आली. पुढची यादी विसाव्या शतकातली आहे. २८ ऑक्टोबर १९३९ला नाझींविरुद्धच्या निदर्शनांत यान ओप्लेतल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गोळी लागली, तो ११ नोव्हेंबरला गेला, आणि त्याच्या अंत्ययात्रेचे निमित्त करून १७ नोव्हेंबरला नाझींनी सगळी चेक विद्यापीठे बंद केली, विद्यार्थी चळवळीतल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि १,२०० हून अधिक विद्यार्थ्यांना साक्सनहाउझेनच्या छळछावणीत धाडले. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन १७ नोव्हेंबरला असतो, तो यामुळे.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग मात्र हुतात्म्यांचा नाही, वीज गेल्याचा आहे. स्त्राहोवच्या टेकडीवर विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. १९६७ मध्ये तिथे वारंवार वीज जाई, आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री ती पुन्हा गेली तेव्हा मुले मेणबत्त्या घेऊन ‘आम्हाला उजेड हवा’ असे ओरडत खाली निघाली. मागणी अक्षरशः दिव्याची होती. अभ्यासाला उजेड नाही एवढीच. पण त्याच दिवशी राजवाड्यात कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीची बैठक चालू होती, आणि बैठकीतल्या मंडळींच्या कानांना त्या घोषणेत दुसराच अर्थ ऐकू आला असावा. नेरुदोव्हा रस्त्यावर पोलिसांनी मोर्चा अडवला आणि मुलांना झोडपले. दोनच महिन्यांनी, ५ जानेवारी १९६८ला, पक्षाची सूत्रे नोव्होत्नीकडून दुब्चेककडे गेली आणि ‘प्राग वसंत’ म्हणून ओळखला जाणारा मोकळा काळ सुरू झाला. वसतिगृहातल्या विजेने सरकार पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पक्षात आधीच धुसफूस होती. पण गैरसोयीची तक्रारही ऐकून न घेणारी सत्ता आतून किती घाबरलेली असते, ते त्या रात्री उघडे पडले. ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे आले. १६ जानेवारी १९६९ रोजी कला शाखेचा विद्यार्थी यान पालाख याने वाक्लाव्ह चौकात, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, स्वतःला पेटवून घेतले. आज तिथे त्याचा पुतळा नाही. फरसबंदी जमिनीखालून कुणी ढकलल्यासारखी वर उचललेली आहे आणि तिच्यात एक कांस्याचा क्रूस आडवा पडलेला आहे. कितीतरी लोक त्याला न पाहता पुढच्या दुकानात शिरतात.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सगळे पुस्तकात वाचता येते, त्यासाठी हिंडायला कशाला हवे? तारखा वाचता येतात हे कबूल. पण नेरुदोव्हाचा अरुंद उतार पायांनी उतरल्यावरच समजते की, वर-खाली तोंडे अडवली तर मेणबत्ती घेतलेल्या मुलाला पळायला जागा नव्हती. १७ नोव्हेंबर १९८९चा मोर्चा ओप्लेतलच्या स्मृतीसाठी आल्बर्टोव्हहून निघाला, व्हिशेह्रादपर्यंतची परवानगी होती. तिथून मुले परवानगी नसलेल्या दिशेने, नदीकाठाने शहरात वळली आणि नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडली. नकाशावर ते एक वळण आहे. चालताना लक्षात येते की ते वळण घेण्यापूर्वी विचार करायला बराच वेळ होता, आणि तरी ते घेतले गेले. एक विद्यार्थी मेल्याची अफवा पसरली, ती खोटी होती. तरी महिना-दीड महिन्यात राजवट गेली आणि २९ डिसेंबरला वाक्लाव्ह हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. शिवाय पुस्तकात जे असते ते दिसते, शहरात जे नाही तेही जाणवते. लेतनाच्या टेकडीवर १९५५ मध्ये उभारलेला स्टालिनचा अवाढव्य पुतळा १९६२ मध्ये सुरुंगाने उडवला, पण त्याचा चौथरा अजून आहे. घालवून दिलेल्या जर्मनांसाठी मात्र वाक्लाव्ह चौकाच्या तोडीचे काही नाही. कुठलेही राष्ट्र आपली जखम जितक्या हौसेने मांडते तितक्या हौसेने आपण केलेली जखम मांडत नाही, हे परक्या गावात चटकन दिसते. ते दिसल्यावर घरच्या पुतळ्यांकडेही माणूस जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

दुसरा आक्षेप: त्यांचा इतिहास, आपल्याला काय त्याचे? इतका परका तो नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही मागणी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ यांनी मांडली. नंतर ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. ते काम शेवटी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये तडीस नेले. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला गेले. त्यांची पुस्तके थेट बंगालीतून चेकमध्ये आणणारे व्हिन्सेन्ट्स लेस्नी चार्ल्स विद्यापीठात शिकवत. देयवित्से भागात ठाकुरांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्यावरून आजही आपली मुले तांत्रिक विद्यापीठात जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, तो पैशांचा आणि वेळेचा. संध्याकाळी उपाहारगृहात भांडी घासून रात्री असाइनमेंट लिहिणाऱ्याला ‘शहर वाच’ म्हणणे सुखवस्तू माणसाचा उपदेश वाटेल. ज्याच्यावर दोन पाळ्यांची वेळ आली आहे त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आणि आपल्याकडचे दलाल खर्चाचे जे गुलाबी आकडे दाखवतात त्यांना याचे बरेच श्रेय जाते. पण वर सांगितलेल्या जागांपैकी एकीलाही तिकीट लागत नाही. क्रूस, चौक, उतार, रस्ता सगळे उघड्यावर आहे. विद्यार्थ्यांना सवलतीचा ट्रॅम पास मिळतो, आणि तो अनेकजण तसाही काढतातच. खर्चिक आहे ती पर्यटनाची पद्धत: एका सुटीत पाच देश, प्रत्येक ठिकाणी एक फोटो. तेवढ्या पैशांत चेक भाषेचा वर्ग होतो. भाषा आली की नोकरीच्या संधी वाढतात, तेव्हा हा मुद्दा कर्जाच्या हिशेबातही बसतो.

ज्यांचे यंदा प्रवेश झाले आहेत त्यांना एवढेच सांगणे. शैक्षणिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होते, आणि १७ नोव्हेंबरला देशभर सुटी असते. त्या दिवशी झोप काढू नका. आल्बर्टोव्हहून निघून व्हिशेह्रादमार्गे नदीकाठाने नारोद्नीपर्यंत चालत जा. तिथे कमानीखाली भिंतीवर वर उचललेल्या हातांची छोटी कांस्यपट्टिका आहे आणि तिच्यापुढे लोक मेणबत्त्या लावत असतात. थंडी असते, जाड जाकीट घाला. आणि चेक भाषेच्या वर्गात नाव त्याआधीच नोंदवा.