‘हे काय कॉलेजात बोलायचं असतं का?’

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर शेजारच्या काकू पापड वाळत घालत होत्या. मी टाकीत पाणी चढलं का ते बघायला गेलो होतो. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. काकू पापडावरची नजर न उचलता म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणे वर्गात मुलामुलींसमोर कौमार्य चाचणीवर बोललात. हे काय कॉलेजात बोलायचं असतं का?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून खाली उतरलो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते बदलापूरहून एका स्टेशनावर, अंबरनाथला सुरू होतं.

"असले विषय बाहेरचे लोक उकरून काढतात आणि समाजाची बदनामी करतात." हा सगळ्यांत चिवट गैरसमज. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरायची आणि नंतर तिच्यावरचा रक्ताचा डाग पाहून नवऱ्याने जातपंचायतीपुढे ‘खरा’ की ‘खोटा’ ते सांगायचं, ही प्रथा. तिच्यावर बोट ठेवलं ते त्याच समाजातल्या पोरांनी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या अंबरनाथच्या विवेक तमायचीकरने २०१७ मध्ये बरोबरीच्या तरुण-तरुणींना घेऊन ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ हा व्हॉट्सॲप गट काढला. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, कृष्णा आणि अरुणा इंद्रेकर यांनी चाचणी नाकारून लग्न केलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात या गटातल्या तरुणांना मारहाण झाली. त्याच वर्षी मे महिन्यात विवेक आणि ऐश्वर्या चाचणी न देता बोहल्यावर चढले. यात बाहेरचा कोण? बाहेरच्यांनी फार तर ऐकून घेतलं, आणि तेही उशिरा.

"ही त्या जमातीची भानगड, आपला काय संबंध?" इथे जरा थांबायला हवं. एक तर, इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच चोराचा शिक्का मारला, त्यांत हा समाज होता. तो शिक्का पुसला गेला १९५२ मध्ये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोलीसचौकीत फक्त हजेरीसाठी बोलावलं गेलं, त्यांनी भांडणं पंचांकडेच न्यावीत यात नवल नाही. प्रथेचं समर्थन म्हणून हे सांगत नाही. पंचायत एवढी बळकट का, ते यातून थोडं कळतं.

दुसरं जास्त बोचणारं आहे. कौमार्य तपासून कळतं ही समजूत शिकलेल्यांच्या पुस्तकातही होती. एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्रात ‘कौमार्याची लक्षणं’ हा धडाच होता. उद्याचे डॉक्टर तो पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. वस्तुस्थिती अशी की, योनिपटलाचा आकार आणि ताणण्याची क्षमता प्रत्येकीत वेगळी असते. कित्येक मुलींना पहिल्या संबंधावेळी रक्तस्राव होतच नाही, आणि कोणत्याही तपासणीतून संबंध आलेत की नाहीत हे सिद्ध करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी आपल्याच विषयाच्या पुस्तकातला हा मजकूर अशास्त्रीय आहे म्हणून पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. दुसऱ्याच्या रूढीवर व्याख्यान देणं सोपं असतं. हा शिक्षक आधी स्वतःच्या फळ्याकडे वळला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या आराखड्यात हे विषय परत आलेच. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो आराखडा मागे घ्यावा लागला.

"कायदा आहे ना, मग बोलायचं कशाला?" कायदा आहेच. पंचायतीचं हत्यार म्हणजे वाळीत टाकणं, आणि त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असंही जाहीर केलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, मे महिन्यात, तमायचीकर कुटुंबाला वाळीत टाकल्याची तक्रार अंबरनाथमध्ये नोंदली गेली. घरातली आजी गेली, तरी तिच्या अंत्ययात्रेला समाजातल्या कोणी जायचं नाही असं फर्मान निघाल्याचं त्या तक्रारीत होतं. चौघांवर गुन्हा दाखल झाला.

"अशा चर्चेने मुलं बिथरतात" हे मात्र निम्मं खरं आहे. चर्चा वेंधळेपणाने केली तर बिथरतात. ‘तुमच्यात कसं असतं, सांग बरं’ म्हणून एखाद्या मुलीला चारचौघांत उभं करणं हा संवाद नव्हे, ती दुसरी पंचायतच. मी विषय आदल्या दिवशी सांगतो, नको असेल त्याला बाहेर जायची मुभा देतो आणि प्रश्न बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घेतो. एवढं पुरत नाही, तिथे समुपदेशक लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावं आणि वंचित घटकांतून आलेल्या मुलांशी संवेदनशीलतेने कसं वागायचं तेही शिकवावं, असंही त्यात आहे. समुपदेशकाकडे जाणारा वेडा नसतो, हे अजूनही स्टाफरूममध्ये सांगावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी काकूंनी जिन्यात गाठलं. मी या वेळी सगळं सांगितलं, अंबरनाथपासून सेवाग्रामपर्यंत. त्या कठड्याला टेकून ऐकत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकातूनच काढून टाकलं?"

"हो. २०१९ मध्ये."

"मग आम्हाला कसं कोणी कळवलं नाही?"