मीटरचा दिवा

विषय तसा क्षुल्लक आहे. गाडीच्या डॅशबोर्डमागे असतो तो बोटाच्या पेराएवढा बल्ब. पण या बल्बापायी आमच्या घरचे साडेअकरा हजार रुपये गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे १९९९ ची मारुती ८०० आहे, नंबर एमएच-२४, म्हणजे लातूरची. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आता कोणतीही मारुती ८०० घ्या, ती म्हातारीच. आमच्या गाडीच्या मीटरमागचा एक दिवा आधीच गेला होता. दुसराही गेला आणि रात्री मीटर पूर्ण काळं दिसायला लागलं. मी पप्पांना म्हटलं, लाईट बघून घेऊ. पप्पा म्हणाले, "त्याच्यावाचून काय अडलंय? स्पीड काय मला कळत नाही का?" तरी एका ठिकाणी दाखवलं. तिथं सांगितलं, पूर्ण मीटरच बदलावं लागेल. किंमत ऐकून पप्पांनी गाडी तशीच घरी आणली.

डिसेंबरमध्ये ते मला लातूरहून नांदेडला सोडायला निघाले. चाकूर, अहमदपूर झालं, अंधार पडला. पुढे माळेगाव. दिवस खंडोबाच्या यात्रेचे. ज्यांनी ही यात्रा पाहिलीय त्यांना सांगायला नको: ट्रक, टेम्पो, घोडे, गाढवं, पायी चालणारी माणसं, सगळं एकाच रस्त्यावर. तासभर आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, रांगत्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. आमच्या पंख्याचा फ्यूज नेमका उडालेला. तापमानाचा काटा वर चढत गेला असणार, पण तो दिसणार कसा? बॉनेटमधून वाफ आली तेव्हाच कळलं. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं, हेड गॅस्केट गेलं. थंडीत दोन तास रस्त्याच्या कडेला बसलो आणि गाडी टोचन करून आणली. काटा दिसला असता तर पप्पांनी वेळीच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं असतं, एवढंच.

जानेवारीत आई-पप्पा दुरुस्त झालेली गाडी घेऊन रविवारी मला भेटायला आले. ते दोघं ऑटोने सचखंड गुरुद्वाऱ्याला गेले आणि मी चावी मागून घेतली. विष्णुपुरीतलं आमचं हॉस्टेल, पार्किंगमध्ये लिंबाची सावली, हातात रूममेटचा स्क्रू ड्रायव्हर. मी इलेक्ट्रिकलचा, तो मेकॅनिकलचा, त्यामुळे कामापेक्षा वादच जास्त झाला.

उघडण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. पार्किंग लाईट लावा. मीटर काळं आणि मागचे लाल दिवेही बंद असतील तर आधी फ्यूज बघा, कारण पुष्कळ गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो. मागचे दिवे लागतात आणि मीटर अर्धंच दिसतं, तर बल्ब गेलाय. सगळं मीटर एकदम गेलं असेल तर बल्बपेक्षा अर्थिंगवर किंवा डिमरवर संशय घ्या. हे बल्ब एकमेकांना समांतर जोडलेले असतात. एक गेला म्हणून दुसरा विझत नाही, आणि सगळे एकाच दिवशी मरण्याचा योग फार कमी.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. पॉझिटिव्ह आधी काढली आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. निगेटिव्ह आधी काढली की पाना कुठंही टेको. त्यानंतर मीटरभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, तिचे स्क्रू, मग मीटरचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर टोचून ठेवा. मी मेसच्या मेनूच्या मागच्या बाजूला मीटरचं चित्र काढलं आणि स्क्रू त्या-त्या जागी टोचले. जुनं प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, जोर लावला की कान तुटतो. मीटर थोडं पुढे ओढलं की मागे हात जातो. तिथे वायरांचे कपलर असतात आणि स्पीडोमीटरची केबल असते. ही केबल म्हणजे गिअरबॉक्सपासून फिरत येणारी तार. तिची खिट्टी दाबून ती सोडवायची.

मीटरच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर तांब्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. हीच तिथली वायरिंग. तिला नख लागू देऊ नका, पट्टी फाटली तर खरंच मीटर बदलावं लागेल. बल्बचे होल्डर या कागदातूनच बसवलेले असतात. डावीकडे पाव फेरा फिरवला की होल्डर हातात येतो, आणि बल्ब सरळ ओढला की निघतो. आमच्या दोन बल्बांपैकी एकाची काच काळी पडली होती. टंगस्टन उडून काचेवर बसतं आणि तार झिजत जाते. दुसऱ्याची तार मात्र शाबूत! त्याच्या होल्डरच्या पितळी पायांवर हिरवट थर आला होता. खोडरबरने घासला, झालं. म्हणजे ज्या दोषासाठी पूर्ण मीटर सांगितलं होतं, त्यातला अर्धा तर खोडरबरनेच गेला.

इथं एक गंमत. माझा बल्ब १२ व्होल्ट, ३.४ वॅटचा. गणिताने प्रवाह सुमारे ०.२८ अँपिअर, रोध ४२ ओहमच्या आसपास. मल्टिमीटर लावला तर जेमतेम ४! रूममेट म्हणाला, बल्ब शॉर्ट आहे, फेकून दे. तसं नसतं. ४२ हा रोध तार दोन हजार अंशांच्या वर तापल्यावरचा; थंड टंगस्टनचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. म्हणूनच बटण दाबल्या क्षणी प्रवाह कितीतरी पट जातो, आणि झिजलेले बल्ब बहुधा त्याच क्षणी जातात.

दुकानात "मीटरचा कॅपलेस बल्ब" म्हणून मागा आणि जुना बल्ब सोबत न्या. दुकानदार त्याच बैठकीचा पार्किंगचा ५ वॅटचा देऊ बघतो. तो बसतो, उजेडही जास्त पडतो, पण बंद जागेत उष्णता वाढून होल्डर आणि मागचं प्लॅस्टिक वितळतं. बल्ब वरचेवर जात असतील तर चालू इंजिनवर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ ठीक, १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर बघा. व्होल्टेज ५ टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

एलईडी लावू का, असं पोरं विचारतात. मीटरच्या उजेडासाठी लावा. लागला नाही तर उलटा करून बसवा, त्याला दिशा असते. उजेड एकाच बाजूला पडून ठिपके दिसतात, मला तो आवडत नाही. पण बॅटरीच्या लाल चिन्हामागे एलईडी लावू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बातूनच मिळतो. एलईडीमधून तो पुरेसा जात नाही, आणि चार्जिंग सुरूच होत नाही.

आणि मीटर उघडलंच आहे तर ऑइलच्या लाल दिव्याचा बल्ब आवर्जून तपासा. चावी फिरवली, इंजिन अजून चालू केलं नाही, तर ऑइल आणि बॅटरी दोन्ही लाल दिवे लागले पाहिजेत. ऑइलचा लागला नाही आणि बल्ब गेलेला असेल, तर उद्या ऑइलचं प्रेशर खरंच गेलं तरी तुम्हाला तो काहीच सांगणार नाही, आणि इंजिन काही मिनिटांत जाम होईल. आमचा ठीक होता.

मी डोकं डॅशबोर्डखाली घालून बसलो असताना वॉर्डन सर आले. "काय उघडून बसलास रे?" मी सांगितलं. सर गेले आणि पाचच मिनिटांत स्वतःच्या गाडीची चावी घेऊन परत आले. त्यांच्या गाडीचा नुसता फ्यूज होता.

बंद करण्याआधी बॅटरी जोडून सगळे दिवे लावून बघितले, मगच स्क्रू आवळले. खर्च दोन बल्बांचा चाळीस रुपये, एक अजून डॅशबोर्डच्या खणात आहे. संध्याकाळी आई-पप्पा लातूरला निघाले. लोह्याहून पप्पांचा फोन आला.

"लाईट तर लई भारी पडायलाय. पण काटा शून्यावरच आहे रे."

केबल जोडायची राहिली होती. ती मी शिवरात्रीच्या सुट्टीत घरी गेल्यावर जोडली.