क्लिकचे पैसे कुणाच्या खिशातून जातात?

वेबसाइटवर जाहिराती लावून कमाई करायची म्हटले की आपल्याकडे पहिले नाव निघते ते गुगल ॲडसेन्सचे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठी मजकुराला २०१८ मध्ये जागा मिळाली आणि शेती, पाककृती, नोकरभरती यांवर लिहिणाऱ्यांना घरबसल्या उत्पन्नाची एक वाट दिसली. खात्यात १०० डॉलर जमले की पैसे बँकेत येतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. सोबतची नियमावली मात्र अनेकजण खाते बंद झाल्यावरच वाचतात. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर क्लिक करायचे नाही, दुसऱ्याला करायला सांगायचे नाही, विकतचे वाचक आणायचे नाहीत. हे नियम म्हणजे मोठ्या कंपनीचा जाच, असा एक सूर नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण या व्यवहारातला खरा पैसे देणारा माणूस त्यात कुठेच दिसत नाही.

समजा, कोल्हापुरातला एक चपलांचा दुकानदार ऑनलाइन जाहिरातीसाठी दिवसाला ५०० रुपये बाजूला काढतो. त्याच्या जाहिरातीवर पडणाऱ्या प्रत्येक क्लिकला त्यातले काही रुपये कापले जातात. ‘तू माझ्या साइटवर क्लिक कर, मी तुझ्या साइटवर करतो’ असे ठरवलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या मंडळींनी सकाळीच क्लिक केले, तर दुपारपर्यंत त्याचे पैसे संपतात आणि चपलेचा एक जोडही विकला जात नाही. नुकसान गुगलचे होते अशी समजूत करून घेणे सोपे असते, पण ते आधी या दुकानदाराचे होते. २०२४ पासून ॲडसेन्स साइटमालकाला क्लिकवर नव्हे, तर जाहिरात किती वेळा दिसली त्यावर पैसे देते. म्हणून आता क्लिकचा नियम निरर्थक झाला, असे कुणी म्हणेल. तसे नाही. जागेची बोली लावताना तिथून खरे गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता पाहिली जाते, आणि खोट्या क्लिकने तोच अंदाज बिघडतो. जाहिरातदारांनी हे मुकाट्याने सोसलेलेही नाही. खोट्या क्लिकचे पैसे आपल्याकडून घेतले, या तक्रारीवरून त्यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात दावा लावला आणि २००६ मध्ये गुगलने ९ कोटी डॉलरची तडजोड केली. त्याआधी २००४ मध्ये गुगलनेच टेक्सासमधल्या एका कंपनीला, स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातींवर क्लिक करवून घेतल्याबद्दल कोर्टात खेचले होते. आज खाते बंद करताना रोखलेली रक्कम शक्य असेल तिथे जाहिरातदारांना परत केली जाते. पैसे मुळात कुणाचे होते, ते यावरून कळते.

फसवणुकीचा हेतू नसतानाही नियम मोडतो, तो बहुधा पानाच्या मांडणीत. नोकरभरतीचे एखादे पान मोबाइलवर उघडून पाहा. परीक्षेचा अर्ज भरायला निघालेली मुलगी पीडीएफची लिंक शोधत असते. लिंकच्या अगदी वर ‘डाउनलोड’ असे हिरवे बटण दिसते, तिचा अंगठा तिथेच पडतो आणि भलतेच ॲप उघडते. ते बटण म्हणजे जाहिरात असते. म्हणूनच जाहिरातीवर ‘जाहिराती’ किंवा ‘प्रायोजित लिंक्स’ यापलीकडचा मथळा नको, तिच्याकडे बाण नको, ती बटणांना किंवा मेनूला खेटून नको, असे नियम आहेत. ‘मोठ्या साइटही असेच करतात’ हा बचाव मला लंगडा वाटतो. त्या मुलीचा वेळ आणि डेटा दोन्हीकडे सारखेच वाया जातात. ‘मी कुणालाच क्लिक करायला सांगितले नव्हते’ हेही पुरेसे उत्तर नाही. स्वस्तात हजारो वाचक आणून देतो म्हणणाऱ्याकडून वाचक विकत घेतले, तर ते माणसे आहेत की यंत्रे, हे पाहण्याची जबाबदारी साइटमालकाचीच असते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. नियम करणारी, तपासणारी आणि शिक्षा देणारी कंपनी एकच आहे. खाते बंद झाल्याची ईमेल येते, पण नेमके काय घडले ते त्यात नसते. अपील करता येते, तरी कशाविरुद्ध बाजू मांडायची हेच कळत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नाबाबत गुगल आपल्या ताकदीचा गैरवापर करते, या वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. म्हणजे ही खदखद फक्त छोट्या साइटमालकांची नाही. पण कंपनीचा राग त्या चपलांच्या दुकानदारावर काढण्यात न्याय नाही. दाद आयोगाकडे, कोर्टाकडे मागायला हवी, आणि तिथे मागणीही नेमकी हवी. तपासाचे बारकावे उघड केले तर भामटे सावध होतील, हे कंपनीचे म्हणणे काही अंशी खरे आहे. तरी कोणत्या पानावरची, कोणत्या तारखांची वर्दळ संशयास्पद ठरली एवढे तरी तिने कळवावे. त्यातून भामट्याच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि प्रामाणिक साइटमालकाला आपल्या नोंदी काढून उत्तर देता येते.